अंदम

पहिल्या दिवशी मी येनेता हब्तेमारियमना म्हणालो,
मला अर्थ हवाय.
आंधळे डोळे माझ्या डाव्या कानाकडे लावून ते म्हणाले,
आधी भाकरी मागून आण.

गोजामचा डोंगर. अंगावर मेंढीचं कातडं.
सात दारं, पाच कुत्री,
इंजेराचे दोन तुकडे, एक शिळा.
पोटरीवर दात अजून मोजता येतात.

मग उपासाचे पंचावन्न दिवस
एकच ओळ.
गीझ भाषेतली, आता कुणाचीच आई
जिच्यात मूल रागावत नाही.
घोकून घोकून जीभ सोलवटली.
अर्थ पकडला रे पकडला
की येनेता म्हणत, अंदम :
आणखी एक.

वारा.
अंदम, श्वास.
अंदम, दार न वाजवता कुणी आत आलं
की दिव्याच्या ज्योतीला होतं ते.

चौथ्या वर्षी माझ्याकडे नऊ अर्थ होते.
चालताना खुळखुळायचे.

त्या सकाळी झेनेबेचचं दार उघडंच.
कुत्रं भुंकलं नाही.
पोरगा चटईवर, पांढऱ्या शम्म्यात गुंडाळलेला.
ती म्हणाली, तुझी ती वाऱ्याची ओळ म्हण ना.
काय आहे रे तिच्यात?

मी उंबऱ्याशी बसलो.
ऊन भिंतीवरून उतरून अंगणात आलं,
कुत्रं माझ्या पायाशी.

रात्री येनेतांनी विचारलं,
कोणता सांगितलास?
एकही नाही.

त्यांनी चाचपडत झोळीत हात घातला.
रिकामी.
तो हात बराच वेळ आतच राहिला.
मग म्हणाले,
उद्या पहाटे ये. पहिल्या शब्दापासून.