उसनी आवड

हाकोदातेत बर्फ साचलं की
सेत्सुको माझ्याकडे पुस्तकं मागते.
अट एकच: गोष्टीत कुत्रा मरता कामा नये.
योइचीला मारामारी लागते,
पण रक्त काळ्या शाईतलंच.

मी पुड्या बांधून देतो, वैद्यासारखा:
हिला एका पाववाल्याची कादंबरी,
त्याला सतरा खंडांची मांगा.

महिन्यानं योइची म्हणाला, "झकास!"
चौथ्या खंडापासूनची पानं
अजून एकमेकांना चिकटलेली.
मी काही बोललो नाही.
त्यानं दिलेला सिनेमा,
ज्यात तीन तास एक म्हातारा जाळं विणतो,
मीही "अप्रतिम" म्हणूनच परत केला होता.
पहिल्या गाठीलाच घोरत होतो.

सेत्सुकोचा मात्र रात्री दोनला फोन:
"मांजर मेलं.
दोनशे बाराव्या पानावर."

मग बराच वेळ नुसता श्वास.

"पुढचा भाग आहे का रे?"