बटण

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
प्रेस मशीनवर काढली.
तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं.
घरी आलो तरी ओरडतच होतो,
आणि गुडघे टेकले तरी.

माझी प्रार्थना म्हणजे रेशनच्या रांगेतला माणूस :
पिशवी पुढं, कार्ड पुढं,
सुनेची नोकरी, नातवाचं गणित, माझी शुगर,
पाळकसाहेबांचा घसा, मंडळीचं गळकं छप्पर,
मग घाईनं आमेन,
धाडकन शटर.
पलीकडून कुणाला काही म्हणायचं असेल
हे डोक्यात आलंच नाही.

शेवटी टीव्हीच्या आवाजाला कंटाळून
एस्तेरनं, सुनेनं,
रास्ता पेठेत नेलं कान तपासायला.
टीचभर खोली, जाड दार,
भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज.
दार लागलं
आणि जन्मात पहिल्यांदा
पुणं बंद झालं.

काचेपलीकडची मुलगी हेडफोनमध्ये म्हणाली,
"काका, आवाज बारीक बारीक होत जाईल.
आला असं नुसतं वाटलं तरी बटण दाबा.
खात्रीची वाट बघू नका."

आधी ऐकू आलं ते माझंच :
नाकातली शिट्टी, गिळलेला आवंढा,
आणि ती जुनी प्रेस,
माझ्याबरोबर जी रिटायर झालीच नाही.
या सगळ्याच्या खाली, फार खाली,
सुईचं टोक काचेला टेकावं
तसं काहीतरी.
होतं? नव्हतं?
अंगठा अडून राहिला.
इतकं जीव लावून मी
लग्नात बायकोचं "होय"सुद्धा ऐकलं नव्हतं.

यंत्र मिळालं, डाव्या कानाला.
रात्री ते डबीत झोपतं.

आता पहाटे साडेचारला,
बोपोडीच्या सिग्नलला जाग यायच्या आत,
डबी न उघडता बसतो.
पहिला आठवडा काही नाही.
दुसऱ्यात डुलकी, तीही घोरून.
यादी सवयीनं जिभेवर यायची,
तिला म्हणायचो, बस गं बाई जरा,
तुझा नंबर नंतर.

एका गुरुवारी एक नाव आलं.
बेंजामिन.
एवढंच. पुढं ना आज्ञा, ना वचन.
सोनईच्या विहिरीवरून
अकरा वर्षं न बोललेला धाकटा भाऊ.
आवाज माझाच होता,
पण ते नाव मी घेतलं नव्हतं,
मी ते यादीतून कधीच खोडलं होतं.

देव होता का?
काचेपलीकडच्या मुलीनंही
मला शेवटपर्यंत सांगितलं नाही
कुठल्या वेळी आवाज खरंच होता
आणि कुठल्या वेळी मी उगाच दाबलं.

सात वाजता यंत्र लावलं, मग फोन लावला.
त्यानं उचलला. बराच वेळ गप्प.
मग कांद्याचं बोलला, हर्नियाचं बोलला,
म्हणाला, विहिरीला यंदा पाणी बरं आहे.
मी मध्ये बोललो नाही.

एस्तेर चहा घेऊन आली,
माझ्या हाताकडं बघून हसली.
अंगठा हवेत
दाबत बसला होता.