लाइट गेली तिथं

कॅसेट खरी नव्हतीच.
आर्वीच्या शफीभाईनं दहा रुपयांत भरून दिलेली,
वर निळ्या पेनानं: सुकदेव नन्नावरे, घुग्घुस.
तिसऱ्या गाण्यात, मधल्या गिटारला,
भरतानाच लाइट गेली असणार,
आवाज जड होत होत खाली बसला
बैल बसावा तसा.
मग क्षणभर काहीच नाही.
मग पुन्हा उभा, धडपडत.

मला वाटलं, गाणंच तसं आहे.
कोळशाच्या खाणीचं होतं ना ते,
माणूस उतरणार तर आवाजही उतरणार.
वीज आमच्याच मुलखात तयार व्हायची
आणि आमच्याच घरची जायची.
हे एका माणसाला गिटारवर वाजवता आलं,
असं मी पोट्ट्यांना समजावून सांगायचो
तुरीच्या धुऱ्यावर बसून.

आणि तो म्हणायचा,
'येऊन राहिलो बे, वर येऊन राहिलो.'
रेडिओवर असं कोणी बोलत नसे.
शाळेत बोललं की देशकर बाई
पट्टी उगारून 'येतोय' म्हणायला लावत.
हा लेकाचा एवढ्या ड्रमच्या गदारोळात
आमच्या सैपाकघरातलं बोलत होता.
मी मनातल्या मनात त्याला अरे-तुरे करायचो.
देवाला करतात तसं नाही,
कुंपणावरून शेजाऱ्याला हाक मारतात तसं.

मग तो पुण्याला गेला.
पोस्टरवर नुसतं 'देव' आलं.
सुक कुठं सांडलं कोण जाणे.
नवी सीडी वर्ध्याहून आणली, खरी, एकशे वीसची.
पहिल्याच ओळीत म्हणतो, 'येतोय मी, येतोय.'
बंद केली.
माय म्हणे, काऊन बंद केलं, चांगला तर गाऊन राहिला.

त्याच रागात जुन्या कॅसेटवर
वनिताच्या लग्नाची मंगलाष्टकं भरली.
भटजी श्वास घ्यायला थांबतो तिथं
अजून बारीक गिटार ऐकू येते.
जावई म्हणतात, भूत आहे.

पुढं पोराच्या फोनवर ते गाणं सापडलं.
मूळ. स्वच्छ.
मधली गिटार सरळ निघून गेली,
कुठं बसली नाही, कुठं उठली नाही.
दोनदा लावून पाहिलं.
वीस वर्षं ज्या जागेवर जीव टाकला
ती त्याची नव्हतीच.
शफीभाईची होती, नाहीतर वीजबोर्डाची.

औंदा देवळीला आमदाराचा वाढदिवस,
साउंड आपला.
तो आला. गुडघ्याला पट्टा, केस ताजे काळे.
मला म्हणाला, 'दादा, मॉनिटर थोडा वाढवाल का?'
हो जी, म्हटलं. वाढवला.
सही मागितली नाही, फोटो नाही.
समोर अर्ध्या खुर्च्या,
बाकीचे जेवणाच्या रांगेत.

तिसरं गाणं तेच निघालं.
'येतोय,' म्हणाला. म्हणू दे, म्हटलं.
मधली गिटार सुरू झाली
आणि माझी दोन बोटं, शप्पथ, मी नाही,
बटण खाली घेऊन आली.
गिटार बसली.
मैदानात भाताच्या पराती तेवढ्या वाजल्या.

तो वळला. गिटार गेलेली,
पण गळ्याचा माइक चालूच होता:
'काय करून राहिला बे!'

देवळीभर ऐकू गेलं.
रांगेतले हसले. आमदारही.
मी बटण वर केलं, पण एकदम नाही,
शफीभाईच्या कॅसेटीत आलं होतं तसं,
धडपडत.

वायर गुंडाळता गुंडाळता रात्रीचे दोन वाजले.
पैसे अजून यायचे आहेत.