पाच अंशांच्या वर

वीज गेली मंगळवारी, असरच्या नमाजाआधी.
गुरुवारी मला शीतगृहाची किल्ली मिळाली.
दार ओढलं तर आतला काळोख अजून गारच होता,
पण थर्मामीटरचं मन कुणाला वळवता येत नाही:
अकरा.

पाच अंशांच्या वर दोन दिवस, म्हणजे कोंबडी गेली.
तीनशे बारा खोकी.
मी लिहिलं, नष्ट करावीत.
खाली सही, मुनाफ बुरोंडकर, अन्न निरीक्षक,
फहाहील नगरपालिका,
जिचा कारकून सीमा ओलांडून गेला होता
शिक्क्यासकट.

समोरच्या शाळेत अकराशे माणसं. फळ्यावर अजून अपूर्णांक.
आचारी मोफज्जल म्हणाला, साहेब, आलं-लसूण जरा चढवून घालतो,
कुणाला कळायचंसुद्धा नाही.
मी म्हटलं, तेच तर. कळत नाही.

हर्णैला आई टोपलीशी बसायची.
गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, कल्ला उघड, डोळा बघ, मग भाव कर.
तिच्या बोटांकडं बघत मी शिकलो. पुढं डिप्लोमा झाला,
त्यात एवढंच नवं होतं
की काही मरणांना वास नसतो.
रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताला
कल्ले नसतात उघडून बघायला.

जाळायला डिझेल नव्हतं. म्हणून बाजारामागं खड्डा,
खोक्यांवर चुना, चुन्यावर फिनेल,
अन्नाला अन्न म्हणून कुणी ओळखू नये एवढं.
हात तेच, ज्यांना लहानपणी शिकवलेलं
खाली पडलेला भाकरीचा तुकडा
उचलून डोळ्यांना लावायला.

रात्री तिथंच खुर्ची टाकली.
कचऱ्याला राखण.
रिफायनरीच्या बाजूला आभाळ मधूनमधून खोकत होतं.

दोनच्या सुमारास एकजण आला, हातात रिकामं पोतं.
मला बघून थांबला. पळाला नाही.
बांधकामावरचा असावा, पायांत दोन वेगळ्या जोड्यांतले बूट.
म्हणाला, चुना खालच्या खोक्यांपर्यंत पोचला नसेल.
हिशेब बरोबर होता त्याचा.

माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.
खिशात क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी होती, ती पुढं केली:
एक गोळी, वीस लिटर, अर्धा तास थांबायचं.
त्यानं ती चांदण्यात उलटसुलट करून पाहिली.
विचारलं, भूक लागल्यावर घ्यायची का?

पाण्यासाठी आहे, मी म्हटलं.
मग तो पोतं पसरून त्यावर बसला.
बराच वेळ आम्ही दोघं तसेच,
मयताच्या घरी बसतात तसे,
काही न बोलता.

सकाळी शाळेच्या टाकीतलं पाणी नळीत घेतलं, चार थेंब टाकले.
हळदीचा हात विसळल्यावर येतो तेवढाच पिवळा.
पुरे.
अन्नक्कुट्टी सिस्टरनं पाठकोऱ्या कागदावर मांडलं होतं:
जुलाब, काल तेवीस, आज नऊ.
एक गेलं, आठ महिन्यांचं. नावाच्या जागी रेघ.
जे आजारी पडले नाहीत
त्यांच्यासाठी माझ्या वहीत रकानाच नाही.

मग कुणीतरी सांगत आलं, बोट लागलीय.
सुरुंगांच्या पाण्यातून म्हातारा बू दाऊद परतला होता.
तळाशी एक टोपली झुबैदी, आपलं पापलेट.
बर्फ कुठला. वर ओलं पोतं झाकलेलं.
मी गुडघ्यावर बसलो, अंगठ्यानं कल्ला उघडला.
लाल.
डोळा बघितला. भाव विचारला नाही.

लिहिलं: खाण्यास योग्य.
वेळ, सहा वाजून दहा.
नग, चौतीस.