तिघऱ्यावर

शितूत म्हणतात, चक्र बसवा.
ग्वाल्हेरच्या लोहिया बाजारात भंगारात मिळालं,
पितळी आहे, घासलं की फोटोत शोभेल.

बारा फुटांची होडी.
तिला चक्र म्हणजे सायकलला स्टिअरिंग.

मी आपला शिसवी दांडा धरते.
डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे,
हे अंगात मुरायला दोन हिवाळे गेले
आणि एकदा थेट बाभळीत.

पण सुकाणूच्या पात्याला पाणी लागतं
ते माझ्या कोपरापर्यंत येतं.
वारा पडणार, हे शिडाआधी तळव्याला कळतं.

चक्राला दोरी, दोरीला कप्पी, कप्पीला गंज,
आणि त्यातून गाळून आलेलं
थोडंसं तिघरा.

शितूत काठावर बसून अजून पितळ घासतायत.
घासू देत.
भिंतीवर लावू म्हणाले,
तर खिळा देईन.