शेवटचा तिसरा भाग

डब्यांच्या कारखान्यात आम्ही एक कादंबरी तिघींत वाचायचो.
दिओलिंदा तिचे तीन तुकडे करायची,
ट्यूना सोलायच्याच सुरीनं,
सुरी आधी धुवायची, तरी प्रेमाला मासळीचा वास यायचाच.
पहिला भाग ओतिलियाला, मधला तिला स्वतःला,
शेवटचा मला, कारण मला दम नव्हता.
मी पुस्तकात नेहमी मागच्या दारानंच शिरले.

सव्वाबाराचा भोंगा. समुद्राकडची भिंत.
पाव, चीज, बोटांवर चोळलेलं लिंबू,
आणि पलीकडे पिकू बेटाचा डोंगर, ढगांत मान खुपसून.

त्याच वर्षी झेफेरिनू टोरांटोला गेला, फरशा बसवायला.
दोन वर्षांत बोलावतो म्हणाला.
आधी पत्रं आली, मग नाताळची कार्डं,
मग एक दिवस त्याची मावशीच आली,
लग्नाचा फोटो घेऊन, चुकून आल्यासारखी.

दिओलिंदा रडली नाही.
तिनं त्या आठवड्यात सगळ्यांपेक्षा जास्त डबे भरले
आणि शुक्रवारी भिंतीवर बसून मला विचारलं,
सांग, तुझ्या भागात काय होतं?

माझ्या भागात तो परत येतो, स्टेशनवर उभा राहतो,
आणि ती आगगाडीच्या खिडकीचा पडदा ओढून घेते.
संपलं. खाली पुढच्या महिन्याच्या पुस्तकाची जाहिरात.

मी म्हटलं, तो परत येतो.
ती त्याला दारातच उभा करते, सूप होईपर्यंत.
मग म्हणते, हात धू.
आणि?
आणि काही नाही. तो हात धुतो.
घरी जाऊन मी ती पानं चुलीत घातली.

सव्वीस वर्षं.
ओतिलिया गेली, भोंगा गेला,
आता पाळी संपली की फोन थरथरतो.

या मे महिन्यात तो बोटीतून उतरला,
एक बॅग, एक मोडलेलं लग्न, एक दुखरा गुडघा.
बापाच्या घराची कौलं बदलतोय.
तिला मेसेज पाठवतो, शुद्धलेखनाच्या चुकांसकट,
आणि ती मला दाखवते, पडद्यावरचं बोट न उचलता.

मी म्हटलं, विचार कर.
मैत्रीण म्हणून म्हटलं. निम्मं.
उरलेलं निम्मं असं, की ही गेली
तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्यासोबत बोटीतून येणार कोण,
आणि भिंतीवर डाव्या बाजूला बसणार कोण?

गुरुवारी तो तिच्या दारात आला.
तिनंच सांगितलं मला, कांदा चिरावा तितक्या सहज:
सूप व्हायला पाऊण तास लागला.
गुडघा दुखत होता त्याचा. उभा राहिला.
मग मी म्हटलं, हात धू.

माझ्या पोटात खड्डा पडला.
दिओ, म्हटलं, ते पुस्तकात नव्हतं गं.
तिनं पडदा ओढला होता.

माहितीये, म्हणाली.
त्याच हिवाळ्यात मी लिस्बनहून दुसरी प्रत मागवली होती.
अखंड. 
तू इतकी वाईट खोटं बोलतेस, की मला पाहायचंच होतं.

मग इतकी वर्षं?

इतकी वर्षं काय? पडदा ओढणाऱ्या बाईशी
माझं पटलं नसतं. सूपवालीशी पटलं.
आणि ती तू मला दिली होतीस.

अजून काही ठरलेलं नाही.
शनिवारी तो जेवायला असतो, रविवारी मी,
आणि सोमवारी ती कोणालाच घरात घेत नाही.

काल तिनं नवी कादंबरी आणली, जाडजूड,
मुखपृष्ठावर दोघं, दोघांचेही दात फार पांढरे.
सुरी धुतली. पुसली. थांबली.
तीनच करायचे ना?

तीन कर, म्हटलं.
पहिला त्याला दे. त्याला सुरुवातीपासून वाचू दे.
शेवट तुझ्याकडे ठेव, आणि मला विचारलंस तरी सांगू नकोस.
या वेळी मधला मला हवाय.