झिरा

मार्चात येरळा वर वाहत नाही.
शकील मुजावर पात्रात पहार मारतो,
मी पाइप धरते, आणि दीड हातावर
नदी लागते.

विट्याच्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच:
बाटली भरायची, गावाचं नाव लिहायचं,
दिवसभर उबेला ठेवायची,
काळी झाली तर ‘पिण्यास अयोग्य’चा शिक्का.

शेजारी आंबूबाई मंडले झिरा उकरत होत्या,
करवंटीनं.
पहिलं पाणी उपसून फेकलं, दुसरंही.
तिसरं येईतो कमरेची चंची सोडली.
“घाई केली की गढूळच हातात येतं,” म्हणाल्या,
मला की वाळूला, कळलं नाही.

मी म्हटलं, आजी, वाळू एकटी नाही गाळत हे पाणी.
आत जीव आहेत, डोळ्याला न दिसणारे,
खड्याखड्याला बुळबुळीत चिकटून,
एका खड्यावर तुमच्या गावाहून जास्त.
करवंटी ओठापाशी थांबली.
“म्हंजी आता पिऊ का नको?”
प्या, म्हटलं.
“मग आदी त्येवढं सांगायचं,” आणि प्यायल्या.

रात्री बाटल्या उबेला लावताना मला ते आठवतात.
तिथं उजेड नाही. ऋतू कळतो तो
झिरपत येणाऱ्या पाण्याच्या गारव्यावरून.
वीतभर खाली हवा संपते,
तर द्राक्षबागांतून उतरलेल्या युरियातलं जे उरतं
त्यावर श्वास काढतात.
त्याखालचे गंजावर. अगदी खालचे गंधकावर.
पुरात गाडली गेलेली पानं, शेण, धुण्याचा साबण,
एकेक गाठ सोडवत बसतात,
कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही.
कधी ओल्या वाळूतून एक बुडबुडा वर येतो.
शकील म्हणतो, नदीला ढेकर आला.
रजिस्टरात मी ते लिहीत नाही.

मे महिन्यात परत गेलो तर पात्र नव्हतं.
म्हणजे काठ होते, पूल होता, मधे खड्डे.
रात्रीत तीन ट्रॅक्टर की सहा, यावर गावात एकमत नाही.
तलाठ्यानं टेप लावून पंचनामा केला:
इतकी लांबी, इतकी खोली, इतके ब्रास, इतका दंड.
वाळूबरोबर आणखी काय गेलं
याला छापील कागदात रकाना नव्हता.
उन्हात ढिगावर वाळले असतील,
चाळणीतून पडले असतील,
आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये,
वर पाण्याची टाकी.

खड्ड्यात पाणी उघडं पडलेलं, हिरवट, आभाळासकट.
बघायला भरपूर.
मी बाटली भरली.
दुसऱ्या दिवशी सकाळी ती
तव्याच्या बुडासारखी काळी.

शिक्का मारला. अहवाल द्यायला गेले तेव्हा
आंबूबाई पलीकडच्या कडेला,
जिथं करंजाच्या मुळ्यांनी ट्रॅक्टर वळू दिला नव्हता,
तेवढ्याच वाळूत कोपरापर्यंत हात घालून.
“हितं हैत का बगा, तुमचं ते.”

पाइप आणला नव्हता.
गुडघे टेकून हात आत घातला. गार.
एक खडा उचलून चिमटीत फिरवला,
बोटं जराशी निसटली.

आंबूबाईंनी पहिलं पाणी फेकलं.